राखेनं घासलेलं बक्कल

झोळीचं बक्कल खण्णकन वाजलं आणि दुपारची शांतता मोडली. आत बाळानं कूस बदलली होती. दारात उभ्या हवाईदलाच्या साहेबांनी झोळीकडं पाहिलं, तशी बाळाची आई बुधरी झोळीपुढं येऊन उभी राहिली.

महिन्यापूर्वी जंगलात विमान कोसळलं होतं. पायलट जीव वाचवणाऱ्या खुर्चीसकट बाहेर फेकला गेला. पण खांद्याचा पट्टा सुटला आणि त्याचा कणा मोडला. मोहफुलं वेचताना बुधरीला झुडपात तो पट्टा सापडला. एवढा मजबूत! त्या पट्ट्यानं तिनं बाळाची झोळी आढ्याला टांगली. पुढं साहेब गावोगाव विचारत फिरले, "पट्टा का सुटला ते कळलं, तर पुढच्या खुर्च्या सुधारता येतील." तरी ती गप्पच राहिली. बाळ त्यात किती छान झोपत होतं!

आज मात्र तिनं बाळाला काखेत घेतलं आणि पट्टा सोडला.

"घ्या साहेब. चुकलं माह्यं."

साहेबांनी बक्कल उजेडात धरलं. "हे घासलं का?"

"हो ना. काळं झालतं. लेकरू तोंडात घालन, म्हणून राखेनं घासलं."

"त्या काळ्या डागांतच पट्टा का सुटला त्याची खूण होती, बाई."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच पट्टा घेऊन जीपमध्ये बसले.

बुधरीची थोरली लेक, पाच वर्षांची करिश्मा, रिकाम्या आढ्याकडं बघत होती.

"माय वं, आता दुसऱ्या पायलटचाबी पट्टा सुटन का?"