उजवीकडून सुरुवात

रविवारच्या आभाराच्या प्रार्थनेला बाबांच्या गाडीतूनच जायचं, असं मी ठरवलं होतं. शनिवारी त्यांचं दफन झालं. सोमवारी गाडी आतेभाऊ आंपोफोच्या ताब्यात जाणार होती. आमच्यात मामाच्या वस्तूवर भाच्याचा हक्क, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला फक्त रविवार हवा होता.

किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला आणि बॅटरीने मान टाकली.

"आजारपणापासून एका जागी उभी आहे बिचारी," फ्रेमाआत्या, आंपोफोची आई, म्हणाली. "दादासारखीच हट्टी. कुणी मागे लागल्याशिवाय हलायची नाही."

आंपोफोची गाडीही त्याच बनावटीची. त्याने ती समोर आणून लावली, तिच्या बॅटरीला केबलचे दोन चिमटे जोडले आणि उरलेले दोन घेऊन वळला, तर पुढ्यात बेदियाकोकाका. काका म्हणजे घराण्याचे प्रमुख. नवं काळं-पांढरं कापड खांद्यावर सावरत ते म्हणाले, "दादाची गाडी आहे. मी लावतो."

"मामा, लाल चिमटा आधी..." आंपोफो म्हणाला.

"मला शिकवतोस? लाल आधी. आणि सुरुवात उजवीकडून."

आमच्या कुमासी शहरात कुठल्याही बैठकीत शिरलं की उजव्या टोकापासून हात मिळवत जायचं. डावीकडून सुरुवात केली तर म्हातारे आठवडाभर बोलतात. काकांनी बॅटरीलाही तोच मान दिला. लाल चिमटा उजवीकडे, काळा डावीकडे. अधिक-उण्याच्या खुणा पांढऱ्या खाराखाली कधीच गेल्या होत्या.

फाट्! ठिणग्या उडाल्या, काका उडाले, कापडही उडालं.

"बघितलंत?" काका जमिनीवरून म्हणाले. "करंट चांगला आहे."

आंपोफोने चिमटे ओढून काढले. गाडीत आता साधा दिवाही लागेना.

"दादाला राग आला," आत्या म्हणाली.

"दादाला कशाला मध्ये आणतेस? ही बॅटरीच उलटी आहे."

"उलटी तू लावलीस, बेदियाको!"

बाबा गाडी दुरुस्त करत तेव्हा टेस्ट लॅम्प धरायचं काम माझं असे. डिकीतून मी तो काढला आणि करंट कुठवर येतो ते तपासलं. मुख्य फ्यूजच्या अलीकडे मंद उजेड, पलीकडे अंधार.

"फ्यूज जळलाय," मी म्हणाले. "मॅगझिनच्या गॅरेजांमध्ये मिळेल?"

"रविवारी? सगळे मेकॅनिक चर्चमध्ये." आंपोफोने स्वतःच्या गाडीकडे पाहिलं. मग तिचं इंजिन बंद केलं, पाना घेतला आणि तिचाच फ्यूज काढू लागला.

"अरे गाढवा, मग आपण कसं जायचं?" आत्या ओरडली.

"कोनादूबरोबर," माझ्याकडे मान वळवत तो म्हणाला. "मामाच्या गाडीत."

फ्यूज आमच्या गाडीत गेला आणि त्याची गाडी बंद पडली, तेव्हा केबल लावायचाही प्रश्न मिटला. ढकलायचं ठरलं.

"प्रमुख गाडी ढकलत नसतो," काका म्हणाले.

"बिघडवलीस तेव्हा प्रमुखच होतास ना? लाव हात!"

उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. सगळे धापा टाकत आत कोंबले गेले.

"इंजिन बंद करू नकोस," आंपोफो म्हणाला. "बॅटरी कामातून गेलीय. बंद केलंस की संपलं."

रेडिओ मुका झाला होता आणि कोरड्या काचेवर वायपर आपले आपण फिरत होते. आत्या काकांच्या कोपराला, काका आत्याच्या डोक्यावरच्या फडक्याला शिव्या घालत होते. मी शक्य तितकी हळू चालवली.

चर्चपुढे सगळे उतरले. मी इंजिन सुरू ठेवून बसून राहिले. आतून गाणी येत होती. मग पाद्र्याने आमच्या घरच्यांना पुढे बोलावलं. काका दारात येऊन हातवारे करू लागले, आणि आंपोफो खिडकीशी येऊन वाकला.

"तू जा. मी बसतो, सुरू ठेवतो."

"नको."

बाबांच्या हातांनी स्टिअरिंग एका जागी गुळगुळीत झालं होतं. तिथे थोडा वेळ हात ठेवला. मग किल्ली उलटी फिरवली. वायपर काचेच्या मध्यावर थांबले.

"बंद का केलीस?" काका ओरडले. "आता कोण ढकलणार?"

मी किल्ली आंपोफोच्या हातात दिली आणि आत गेले.