केरूचं वाजणारं यंत्र

केरू रिटायर होऊन तीन महिने झाले आणि मालूच्या लक्षात आलं, की आपला नवरा घरात बसणाऱ्यांतला नाही. तीस वर्षं तो धाटावच्या एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन होता. शिफ्ट सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून हातातलं यंत्र फिरवायचं, वाजलं की खिसे रिकामे करायला लावायचे, हे त्याचं काम. कुणाच्या खिशात काय निघतं याचं त्याला भारी कुतूहल. एकाच्या डब्यात भाताखाली दडवलेले स्क्रू निघाले होते, ते तो अजून रंगवून सांगतो. अशा माणसाला अंगणात खुर्ची टाकून बसवलं असतं तर त्याने कोंबड्यांची झडती घेतली असती.

मग त्याने मोबाईलवरून स्वतःचंच यंत्र मागवलं. लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती आणि कानाला लावायला हेडफोन. जमिनीत धातू असला की ते वाजतं.

“ह्या वयात कान झाकून वाळू झाडणार व्हय?” मालूने विचारलं.

“वाळूत काय काय हाय ते बघायला नको?”

“दुसऱ्याचं सांडलेलं असंल, आणखी काय.”

मालूचं बोलणं अगदी खरं होतं, आणि म्हणूनच केरूला जायचं होतं. दर सोमवारी तो आपल्या वरसे गावाहून मोटारसायकलवर रेवदंड्याला जाऊ लागला. सोमवारीच, कारण रविवारी मुंबई-पुण्याची माणसं किनाऱ्यावर येऊन लोळतात आणि खिशातलं सांडून जातात. ओहोटी लागली की ओल्या वाळूच्या कडेने चकती झुलवत चालायचं, वाजलं की खुरप्याने उकरायचं. त्याला रुपयाची, दोनाची नाणी मिळाली. एक पैंजण मिळालं, एकच. कुलपाशिवाय किल्ल्या मिळाल्या. एकदा मधे भोक असलेला इंग्रजांच्या वेळचा पैसा मिळाला, तेव्हा तो तिथेच फतकल मारून बसला. हा कुणाच्या कमरेचा सुटला असेल, तो माणूस इथे कशाला आला असेल, पैसा हरवल्यावर घरी बोलणी खाल्ली असतील का, असा विचार करता करता भरतीचं पाणी त्याच्या बुडाखाली आलं.

हळूहळू त्याला आवाज कळायला लागले. लोखंड घोगरं बोलतं. चांदी आणि तांबं वर चढून गातं. या दोहोंच्या मधला एक बोदा आवाज असतो, तो कोल्ड्रिंकच्या डब्याच्या झाकणाला लावलेल्या कडीचा. अशा चाळीस-पन्नास कड्या उकरल्यावर केरूने कानाला खडा लावला. बोदा आवाज आला की तो पुढे जायचा. आपल्याला यंत्राची भाषा आली, असं त्याला वाटू लागलं, आणि माणसाला असं वाटायला लागलं की समजावं, आता हा घोटाळा करणार.

एप्रिलात एका सकाळी तो अंगणात चकती पुसत बसला होता. तेव्हा कुंपणाशी पारी येऊन उभी राहिली. पारी कुंडलिका नदीकाठच्या कातकरवाडीतली. तिला दारात बघून केरूचा हात थांबला, कारण तीन वर्षांत ती या आळीत आली नव्हती. तिला येऊ दिलं जात नव्हतं, हे जास्त खरं.

“केरूभाऊ, ही मशीन पाण्यात चालते का?” तिने विचारलं.

“चकती चालते. दांडीवरचा डबा भिजू द्यायचा नाय.”

“सोनं वळखते?”

“धातू वळखते. सोनं का पितळ ते आपण खणून बघायचं.”

“मग कुंडलिकेत चला माझ्यासंगती. गौरी सोडतात त्या खडकाशी. तुमच्या वयनीची नथ तिथं हाय.”

आता ही नथ कोणती, ते सांगायला हवं. केरूची भावजय इंदुबाई शेजारच्याच घरात राहते. तिच्याकडे तेरड्याची गौर बसते: तेरड्याची जुडी, तिला कागदाचा रंगवलेला मुखवटा, साडी, अंगावर घरातलं खरं सोनं. सोडायच्या दिवशी घरची बाई हाताने दागिने उतरवते. मग गौरीच्या तोंडावर हळदीचं पान बांधतात. जाताना तिने घराकडे वळून बघू नये म्हणून पान, आणि आपण पुन्हा तिचं तोंड बघायचं नाही, अशी त्या घरची रीत. तीन वर्षांमागे गौर सोडून आल्यावर इंदुबाईने दागिने डब्यात भरायला घेतले, तर सासूच्या वेळची मोत्याची नथ नव्हती. “मी माझ्या हातानं काढली,” असं ती शपथेवर सांगत होती. घरात बाहेरचं माणूस एकच होतं, भांडी घासायला आलेली पारी.

आणि नेमकं त्याच दिवशी केरूने कंपनीतलं हातातलं यंत्र सेल बदलायला घरी आणलं होतं. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. आळीच्या देखत त्याने ते ऐटीत पारीच्या अंगावरून फिरवलं आणि ते कमरेशी वाजलं. कनवटीतून चुन्याची पत्र्याची डबी निघाली. केरूने ती उघडून पाहिली, परत दिली आणि यंत्र घेऊन तो शिफ्टला गेला. डबी दोघातिघांनी पाहिली असेल. वाजलेलं मात्र सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी वरसे नाक्यापर्यंत एकच गोष्ट पोचली होती, की पारीवर यंत्र वाजलं. मग तिला कुणी घरकामाला बोलावलं नाही, भातलावणीला नाही, लग्नाच्या भांड्यांनाही नाही. दोन हंगाम ती वीटभट्टीवर पार कर्नाटकात जाऊन राहिली. केरूला हे सगळं ठाऊक होतं. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून त्याने ते झाकून ठेवलं होतं.

“तिथंच हाय, हे तुला कसं ठाऊक?” त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“मी घेतली नाय. वयनी खोटं बोलाया लागल्या असत्या तर मला तोंडावरनं कळलं असतं, मग त्यापण खोटं नाय बोलत. मग ती गेली कुठं? गौरीच्याच नाकात गेली. पानाखाली कोण बघतंय?”

केरूने चकती बाजूला ठेवली. तीस वर्षं झडत्या घेऊन जे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, ते या बाईने नुसता विचार करून काढलं होतं.

वरच्या वीजघरातून पाणी सुटत नाही तेवढे तास कुंडलिकेचं पात्र उघडं पडतं. त्या वेळात ती दोघं खडकाशी गेली. केरू सरळ खालच्या अंगाच्या वाळूत चकती झुलवायला लागला.

“तिकडं काय बघता?” पारी म्हणाली. “तिकडं पान जाईल, काटकी जाईल. जड वस्तू वाहत नाय. ती खडकाच्या पाठीमागं बसते, गोट्यांच्या खाली. आम्ही खेकडे धरतो त्या कपारीत बघा, शिशाचे गोळे घावतात जाळ्यांचे.”

पहिल्या दिवशी कपारीतून खरोखरच शिशाचे गोळे निघाले, देवाला टाकलेली नाणी निघाली आणि एक पितळी घंटी. केरूला राहवेना. ही नाणी कुणी टाकली असतील, काय मागितलं असेल, मिळालं असेल का, असं त्याचं चालूच होतं. पारीने नाणी पुन्हा पाण्यात सोडली. मागणाऱ्याची हायत, म्हणाली. दुसरा दिवस कोरडा गेला. घरी मालू म्हणाली, “तिकडं काय हाय ते माहीत नाय, पण तुमच्या तोंडावरची मजा गेलेली दिसते.” मजा गेली होती, हे खरंच होतं. वाळूतलं कुणाचं तरी सांडलेलं शोधणं वेगळं, आणि आपल्यापायी कुणाचं गेलेलं नाव शोधणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी, वर पाणी सुटायला तासभर असताना, एका उभ्या दगडाच्या पोटाशी यंत्र वाजलं. बोदा आवाज. केरू पुढे सरकला.

“वाजलं ना?” पारी म्हणाली.

“डब्याची कडी हाय ती. मला आवाज ठाऊक हाय.”

“उकरून बघितलं?”

“बघायला नको. आवाजावरनंच कळतं.”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या कानात शिरलं. पारी तिथून हलली नाही. केरूने दांडी खडकावर ठेवली, गुडघ्यावर बसला आणि दगडाखाली हात घातला. गोटे असे घट्ट बसले होते की खुरपं लागेना. मग पारी खाली बसली आणि तिने बोटांनी एकेक गोटा सोडवून काढला. वीतभर खाली तिचा हात थांबला. मुठीतला गाळ तिने पाण्यात धरला. गाळ निघून गेला आणि सोन्याची वाकडी झालेली तार राहिली, दोन मोती अजून धरून, बाकीच्यांच्या जागा रिकाम्या.

केरूला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तो पाण्यातच बसून राहिला. सोनं आणि डब्याची कडी यंत्राला सारखीच ऐकू येतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. किती किनारा आपण फुकट ओलांडून आलो असू, याचा हिशेब तो करू लागला असता, पण पारी उठून चालायला लागली होती.

इंदुबाईच्या अंगणात पोह्याच्या पापडांचं काम चाललं होतं. आळीतल्या सात-आठ बायका लाट्या घेऊन बसल्या होत्या. पारीला फाटकात बघून लाटणी थांबली. केरूने नथ पाटावर ठेवली. इंदुबाईने ती ओळखली, उचलली आणि कपाळाला लावली.

“माझ्या गौरीनं परत दिली,” ती म्हणाली. बायकांनी हात जोडले.

असंच सुटलं असतं तर बरंच सोपं झालं असतं. देवीने नेली, देवीने दिली, कुणाच्याच डोक्यावर काही नाही. पण केरूने तोंड उघडलं.

“वयनी, गौरीनं नाय दिली. पारीनं काढली, खडकाखालनं. नथ तुम्ही उतरवलीच नव्हती, पानाखाली तशीच गेली.” मग तो बायकांकडे वळला. “आणि त्या दिवशी यंत्र वाजलं ते चुन्याच्या डबीवर. मी डोळ्यांनी बघितलं होतं. बोललो नाय. माझं यंत्र हाय म्हणून लोक माझं ऐकतात, ह्याची मला ऐट होती. पारीनं चोरी केली नाय.”

इंदुबाईने नथीकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे. “मी काढली होती,” ती सावकाश म्हणाली. “हाताला आठवतंय माझ्या.” मग म्हणाली, “ते आदल्या वर्षीचं असंल.” ती उठली, पिठाचे हात तसेच घेऊन पारीसमोर गेली. “चुकलं गो माझं. सगळ्यांसमोर चुकलं म्हणते. उद्यापासून ये घरी. पहिल्यासारखी ये.”

पारीने मान हलवली.

“नाय येत,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तीन वर्षं तुम्ही मला येऊ देत नव्हता. आता मी येत नाय. कुणी विचारलं तर असंच सांगायचं.”