शेवटचा खेळ सुटल्यावर

त्या वर्षी श्रावणात मल्लव्वाचं गंठण कुणीतरी भर रस्त्यात ओढून नेलं. रात्रीचे आठही वाजले नव्हते. कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीपाशी माणसं उभी होती, आणि देवळातून परतणाऱ्या मल्लव्वाच्या मानेला मागून हिसडा बसला. ती तोंडावर पडली. मानेवरचा वळ आठ दिवसांत गेला, पण त्यानंतर दिवे लागले की ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीना.

तिचा नवरा सिद्रामप्पा. शुक्रवार पेठेत त्याचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि मागच्या बोळात घर. बोळाच्या एका टोकाला टॉकीज, दुसऱ्या टोकाला तमाशाचं थेटर. मधे खानावळी, पानपट्ट्या आणि चोरून दारू विकणारी दोन घरं. रात्री एकपर्यंत तिथं जाग असे. वर्षभरात बोळातल्या सात सायकली गेल्या होत्या, अंगणातले हंडे गेले होते.

सिद्रामप्पा चार शेजाऱ्यांना घेऊन चौकीत गेला. हवालदार अण्णाराव पेठेत जुना माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मालक, चौकीत आमी चौघं. त्यातला एक कोर्टात, एक रजेवर. तुमीच गस्त घाला की. साहेबांना मी सांगतो, शिट्ट्या देतो. पण एक लक्षात ठेवा. माणूस धरायचा, शिट्टी वाजवायची, आमी येतो. हात उचलायचा न्हाय."

"न्हाय उचलत," सिद्रामप्पा म्हणाला.

आठ जणांची गस्त सुरू झाली. पहिले पंधरा दिवस काहीच घडलं नाही. नंतर एका गुरुवारी, शेवटचा खेळ सुटून बराच वेळ झाल्यावर, काखेत काहीतरी धरलेला एक तरुण बोळातून झपाझप येताना दिसला. कुणीतरी ओरडलं, "ए, थांब." तो पळाला. मग सगळेच पळाले. नळाच्या कट्ट्यापाशी त्याचा पाय घसरला आणि सिद्रामप्पानं काठी हाणली. डोक्यावर बसू नये म्हणून त्या पोरानं हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज सिद्रामप्पाला स्पष्ट ऐकू आला.

टॉर्च लावला तर काखेतून पडलेला जेवणाचा डबा दिसला.

"मी जालिंदर," तो दातावर दात धरून म्हणाला. "टॉकीजमधला ऑपरेटर. सहा वर्षं याच बोळातनं घरी जातोय मी."

"मग पळालास कशाला?" गस्तीतल्या एकानं विचारलं.

"आठ जण काठ्या घेऊन मागं लागल्यावर थांबू व्हय?"

दोघांनी त्याला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सिद्रामप्पा तिथंच कट्ट्यावर बसून राहिला. त्या पोराचा चेहरा आपण कधी पाहिलाच नव्हता, हे त्याला राहून राहून आठवत होतं. पडद्यावर चित्र पाडणाऱ्या मशीनवर कुणीतरी माणूस असतो, हेसुद्धा त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

सकाळी तो एकटाच चौकीत गेला. "अण्णाराव, मी मारलं. लिहून घ्या."

अण्णारावनं समोरचा कागद त्याच्याकडं सरकवला. "पोरगं तुमच्या आधी जबाब देऊन बसलंय. सायकलवरनं पडलो म्हणतंय."

"सायकल कुटं हाय त्याच्याकडं?"

"मला ठाऊक हाय की. पण त्याला रोज त्याच बोळातनं जायचंय, मालक. तुमच्या दारावरनं."

हे ऐकून सिद्रामप्पा खाली बसला. आपल्याला भिऊन कुणी खोटं बोलेल, असं त्याला आजवर वाटलं नव्हतं. भितो तो आपण, अशीच त्याची समजूत होती.

दुपारी तो विचारत विचारत जालिंदरच्या घरी पोचला. बुद्धविहाराच्या मागं पत्र्याची दोन खोल्यांची घरं होती. जालिंदरची आई केराबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं त्याला ओळखलं.

"या. तुमच्या दुकानातनंच हंडा घेतलाय आमी," ती म्हणाली. "सुनेसाठी घेतला होता. लगीन ठरलंय त्याचं."

सिद्रामप्पा चपला काढून आत गेला. आत जालिंदर भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"चुकलं माझं," सिद्रामप्पा म्हणाला. "चौकीत खरं सांग. मी नाकारणार न्हाय."

"नको."

"मग गस्तीत ये आमच्याबरोबर. रात्रीची माणसं तुला ठाऊक. आमाला न्हाईत."

जालिंदरनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "मला गस्तीत घेऊ नका, मालक. मला घरी जाऊ द्या, एवढंच करा."

त्या रविवारी मारुतीच्या पारावर गस्तीची बैठक होती, पेठेतली इतर माणसंही जमली होती. सायकलवरून पडल्याची गोष्ट पेठेत पसरली होती आणि ती सगळ्यांना सोयीची होती. सिद्रामप्पानं उभं राहून खरं काय ते सांगितलं. एक शेजारी कुजबुजला, "अप्पा, मिटलंय ते. कशाला उकरता?" सिद्रामप्पा म्हणाला, "माझं मिटलं न्हाय." त्यानं गस्तीतल्या सगळ्यांच्या काठ्या मागितल्या. तिघांनी दिल्या, दोघांनी नाही, दोघे गस्त सोडून गेले.

दुसऱ्या दिवसापासून शेवटचा खेळ सुटताना तो टॉर्च घेऊन टॉकीजच्या फाटकापाशी उभा राहू लागला. बोळातून ज्यांना जायचं असेल त्यांनी बरोबर चला, असं तो सांगे. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. लोक हसायचे. मग एके रात्री पिक्चर बघून तमाशाच्या थेटरातली नागूबाई दोन पोरींना घेऊन आली. ज्या बायकांमुळं पेठ बिघडली असं तो स्वतः म्हणत आला होता, त्यांच्या पुढं टॉर्च धरून तो चालला. वाटेत नागूबाई म्हणाली, "आमचं बी कानातलं ओढून नेलंय, अप्पा. आमी सांगायचं कुणाला?"

तिनंच पुढं दोन माणसांच्या खुणा सांगितल्या. पानपट्टीवाल्यानं त्यांना ओळखलं, शिट्टी वाजली आणि अण्णारावनं दोघांना चोरीच्या सायकलीसकट नेलं. कुणी त्यांना बोटही लावलं नाही. चोऱ्या कमी झाल्या. थांबल्या नाहीत.

टॉकीजच्या मालकानं जालिंदरला हात बरा होईतो फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं होतं. म्हणजे रोज रात्री तो आणि सिद्रामप्पा पाच पावलांवर असत. जालिंदर बोलत नसे. सगळे गेले की तो मागून, अंतर ठेवून, एकटा चाले. सिद्रामप्पा वळून पाहत नसे, पण पावलं हळू टाकी.

दिवाळीनंतर प्लास्टर निघालं. मनगट थोडं वाकडंच बसलं, तरी रिळं चढवता येऊ लागली. मशीनवर परतल्याच्या पहिल्या रात्री जालिंदर उशिरा खाली आला. बाकीचे निघून गेले होते. फाटकाशी सिद्रामप्पा एकटाच होता.

"अजून थांबलाय?"

"व्हय."

दोघं निघाले. या वेळी बरोबरीनं.

"मी विसरलो न्हाय, बरं का," जालिंदर म्हणाला.

"विसरू नको."

नळाचा कट्टा मागं पडला. मग जालिंदरनं विचारलं, "तुमी रोज फाटकाशी उभं असता. आत कधी पिक्चर बघितला का?"

"न्हाय बा. लगीन झाल्यापासनं न्हाय."

"चांगला हाय आताचा. एक मास्तर असतो, त्याची बदली होते..."

तो सांगत राहिला. सिद्रामप्पाचं दार आलं, तरी मास्तर अजून नव्या गावाला पोचला नव्हता. म्हणून सिद्रामप्पा पुढं विहारापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेला.