अजून एक पान यायचंय

"दवाखान्यात ह्यांना वार सांगता आला नाही, एवढंच ना? पत्त्यांतलं विचारून बघ," असं लेकीला सुनावून तिने पत्ते काढले. वडिलांना वृद्धांच्या संस्थेत न्यायला आलेली लेक त्यांची बॅग भरून उभीच होती.

"आई, परवा ते गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते."

"बस गं जरा."

नवऱ्याची सगळी नोकरी बंदरावरच्या क्रेनमध्ये गेली. जेवणाच्या सुट्टीत तिथे पोकरचा अड्डा जमायचा, आणि हवं ते पान येईल की नाही, हे सगळे त्यालाच विचारायचे. लग्नानंतर तिलाही तो हिशेब त्याने शिकवला. म्हणजे, शिकवून शिकवून थकला.

तिने मुद्दाम वेचून दोन इस्पिकं त्याच्या हातात दिली, मधे तीन पानं उघडी मांडली. त्यांतही दोन इस्पिकं. बाकीचे पत्ते पिसून पालथे ठेवले.

"अहो, एकाच रंगाची पाच व्हायला हवीत. जमेल?"

त्याने डोळे बारीक केले. "इस्पिकं तेरा. चार दिसतायत, राहिली नऊ. न दिसलेली पानं सत्तेचाळीस, त्यातली दोन अजून यायचीत." जरा थांबून म्हणाला, "शंभरात पस्तीस. खेळावं."

तिने लेकीकडे असं पाहिलं, की लेक गुपचूप खुर्चीवर टेकली.

चौथं पान उघडलं. चौकटची दुर्री.

"आता?"

उत्तर तिला पाठ होतं. आता एकच पान, शंभरात वीससुद्धा नाही. पण ते त्याच्या तोंडून ऐकायला ती पुढे वाकली.

तो पत्त्यांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "आपण कशाची वाट बघतोय?"

"इस्पिकाची हो! नऊ आहेत ना अजून?"

"असतील," तो अदबीने म्हणाला.

तिने घाईघाईने शेवटचं पान उलटलं. इस्पिकची सत्ती.

"आलं! अहो, आलं बघा!"

त्याने ते पान उचललं, निरखलं आणि तिच्यापुढे सरकवलं. "छान आहे. तुमचं दिसतंय."

उभ्या जन्मात त्याने तिला अहो-जाहो केलं नव्हतं.

ती उठली. "त्यांचा स्वेटर दोरीवर आहे," लेकीला म्हणाली, "तोही घे. सकाळी थंडी वाजते त्यांना."

मग दाराशी खाली बसून तिने त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तोल जाऊ नये म्हणून त्याने तिच्या खांद्यावर हात टेकला, आणि काम होताच, परक्या बाईच्या खांद्यावरून काढावा तसा, संकोचून काढून घेतला.