आईला सांगू नका, ती घाबरेल!

घास अडकायला लागला तेव्हा आईने आधी सुनेच्या स्वयंपाकाला, मग स्वतःच्या दातांना आणि शेवटी वयाला दोष दिला. पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवून तिने एकटीने मुलाला वाढवलं होतं. मशीन सोडून दवाखान्यात जाणं तिच्या जिवावर यायचं. पण पाणीही अडायला लागलं, तेव्हा मुलाने तिला जवळजवळ उचलूनच नेलं.

आई तपासणीसाठी रक्त द्यायला गेली असताना डॉक्टरीणबाईंनी मुलाला सांगितलं, "आम्लपित्ताने अन्ननलिका अरुंद झाली आहे. दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करू. बहुतेकांना काही होत नाही. पण क्वचित अन्ननलिका फाटते. नंतर छातीत, पाठीत किंवा मानेत दुखलं, ताप आला, तर तोंडाने काहीही न देता ताबडतोब आणा. आईंनाही हे सांगते."

"नको, मीच समजावतो. ती धसका घेईल."

त्याने आईला समजावलं ते असं: "अगं, साधी तपासणी आहे. चुटकीसरशी होईल."

"मुलाने सगळं सांगितलं ना?" डॉक्टरांनी आत नेताना विचारलं.

"हो तर!" आई हसली.

बायकोला मात्र त्याने खरं सांगितलं. ती म्हणाली, "आईंना कळायला हवं." त्याने नकारार्थी मान हलवली. आईवरचं प्रेम दाखवायची ही कसली तऱ्हा! पण आपल्यातल्या किती घरांत हेच चालतं!

फुगा व्यवस्थित फुगला, आई घरी आली. दुपारी ती मशीनवर बसली, पण जरा वेळाने मशीनचा आवाज थांबला. सून बघायला गेली, तर आई पाठ भिंतीला टेकवून, छातीवर हात धरून बसली होती.

"काही नाही गं. तपासणीला घशातून नळी घातली म्हटल्यावर दुखणारच. चहा टाक कडक, बरं वाटेल."

आईचा चेहरा पांढरा पडला होता. सुनेने मानेला हात लावला. कातडीखाली बारीक कुरकुर लागली, जणू आत हवा भरली होती.

"चहा नाही! पाण्याचा थेंबही नाही! चला, आत्ता!"

"अगं, पण..."

"आई, एकदा तरी माझं ऐका!"

अन्ननलिकेला बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच चिमटे लावून ती बंद केली, सलाईन आणि औषधं चालू ठेवली. चहा घेतला असता तर तो थेट छातीच्या पोकळीत उतरला असता. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाल्या. "निष्णात हातांनीही हे कधीतरी घडतं. पण त्यांना स्वतः न सांगण्याची चूक मात्र माझी."

आई बोलण्याइतकी बरी झाली, तेव्हा मुलगा खाटेशी मान खाली घालून बसला होता.

"तू घाबरशील म्हणून लपवलं गं."

"शहाणाच आहेस! छाती माझी, दुखणं माझं, आणि बातमी सगळ्या गावाला! अरे, तुझे बाबा गेले तेव्हा मी घाबरले नाही, ते एका फुग्याला घाबरेन? मला माहीत असतं तर पहिल्या कळेलाच हाक मारली असती. मी बापडी सोसत बसले, मला वाटलं हे असंच असतं!"

"चुकलो, आई."

"चुकलास खरा. ये, जवळ बस."

आणि तो एवढा मोठा माणूस आईच्या हाताला गाल लावून रडला!

जखम भरल्यावर काही महिन्यांनी पुन्हा फुगा घालायची वेळ आली. या वेळी धोके डॉक्टरांनी आईलाच सांगितले. तिने खोदून खोदून विचारलं, सही केली आणि मुलाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "डॉक्टर, याला बाहेर बसवता का? फार धसका घेतो हो."

मंडळी, आपल्या माणसाला धीर द्यावा, पण सत्य झाकून नव्हे. धोका क्वचितच येतो. पण आला, तर तो सर्वांत आधी त्या माणसाच्याच अंगाला कळतो. त्याला तो ओळखता तरी आला पाहिजे!