लाल ठिपक्याचा सूड

मी भुयारी स्टेशनातल्या भिंतीवरचा नकाशा बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. मी डूख धरलेला नकाशा आहे, आणि तो का धरला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका छपाईच्या कारखान्यात झाला. पांढऱ्या पत्र्यावर आधी निळी लाइन उमटली, मग हिरवी, मग स्टेशनांचे गोल. शहरात जितकी स्टेशनं, तितकी आम्ही भावंडं. चेहरे सगळ्यांचे सारखे, फरक फक्त एका लाल ठिपक्याचा. छापणाऱ्या काकांनी तो सगळ्यात शेवटी लावला आणि शेजारी लिहिलं, 'आपण येथे आहात'. फुंकर घालून वाळवताना ते म्हणाले, "बाकी काही पुसलं गेलं तरी चालेल, बाबा. हा चुकला तर तू मेलास."

माझं स्टेशन निळ्या लाइनवरचं, शांत वस्तीखालचं. तिथे मी बारा वर्षं इमानाने काढली. रोजचे लोक आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण नवखा माणूस जिना उतरून खाली आला की त्याची दिशाच हरवते. इथे ना झाड दिसतं, ना दुकान, ना ऊन. घोषणा घरघरतात, नावं अनोळखी. मग तो माझ्या ठिपक्यावर बोट ठेवतो आणि एकेक गोल मोजत जातो. नाव विसरला तरी आकडा मुठीत धरून गाडीत चढतो.

मागच्या वर्षी मला आणि माझ्या एका भावाला धुण्यापुसण्यासाठी खाली उतरवलं. दोघांना एकाच हातगाडीवर घातलं आणि परत लावताना अदलाबदल झाली. भावाचं स्टेशन मोठं. वर बाहेरगावच्या गाड्या थांबतात, त्यामुळे नवख्यांची नुसती झुंबड. आणि तिथे मी, दोन स्टेशनं पुढचा ठिपका कपाळावर घेऊन उभा.

झाडूवाल्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. "साहेब, हा आपला नकाशा नव्हे. ठिपका बघा की."

"दिसतंय मला," स्टेशनमास्तर म्हणाले. "पण काम नीट झालं म्हणून सही मीच केलीय ना! आता कळवलं तर मीच अडकेन. राहू दे. कोण बघतंय!"

कोण बघतंय? एका सकाळी एक बाई आली. शिवणकाम करणारी, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. शहरात पहिल्यांदाच येत होती. फोनवर लेकीला सांगत होती, "पोचले गं. हो, दहाला दार बंद करतात, माहितीये मला. वयात बसणारी ही शेवटचीच परीक्षा. तीन वर्षं अभ्यास केलाय नर्स व्हायचं म्हणून, आता काय वाटेत झोपते की काय!"

तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन, चार, पाच." मुठीत पाच धरून ती निघाली. अगं बाई, सात! सात! मी आतल्या आत ओरडलो. पण पत्र्याला कुठलं तोंड?

साडेदहाला ती परत आली. भलत्याच स्टेशनावर उतरून भलत्याच रस्त्यांनी धावली असावी. चप्पल तुटलेली, पदर घामाने भिजलेला. मास्तरांच्या खिडकीशी जाऊन म्हणाली, "साहेब, तो नकाशा चुकीचा आहे हो. माझी परीक्षा गेली."

मास्तरांनी मानसुद्धा वर केली नाही. "बाई, नकाशा वाचता यायला हवा."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मलाच येत नसेल वाचता," असं म्हणाली आणि गेली.

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. पण तिने चूक स्वतःच्या पदरात घेतली, आणि त्याच घटकेला मी डूख धरला.

मावशींनाही ते लागलं. त्यांनी वहीचा कागद माझ्या ठिपक्यावर चिकटवला, 'हा ठिपका खोटा आहे. विचारून जा.' दोन महिने त्या कागदाने माणसं वाचवली. मग बातमी आली की या लाइनवर नव्या मोठ्या मॅडम येताहेत, परगावच्या, आणि रुजू झाल्या की दुपारी पाहणी करणार आहेत. सकाळीच मास्तरांनी नखाने खरवडून कागद काढला. "भिंत कशी स्वच्छ दिसली पाहिजे!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सव्वानऊला चाकांची बॅग ओढत एक बाई वरून उतरल्या. केस पिकलेले, हातात मुख्य कार्यालयात रुजू होण्याचं पत्र. मी पत्र वाचलं आणि माझा पत्रा गरम झाला. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मोजलं. चार. खरे होते सहा. खरं सांगतो, त्या दिवशी मला तोंड असतं तरी मी उघडलं नसतं.

अकराच्या सुमाराला त्या परतल्या. मास्तर पाहणीच्या तयारीत, खिडकीकडे पाठ करून बूट पुसत बसलेले.

"तुमचा नकाशा चुकीचा आहे."

"बाई, नकाशा वाचता यायला हवा."

मावशींच्या हातातला झाडू खाली पडला.

"मग बाहेर या," मॅडमनी पत्र खिडकीतून आत सरकवलं. "आणि तुम्हीच वाचून दाखवा."

मास्तर आले. माझ्या ठिपक्याभोवती त्यांचं बोट इतकं घुटमळत होतं की मला गुदगुल्या झाल्या. त्यांना एक म्हणता येईना. अहाहा! एवढ्या वर्षांत असं सुख मिळालं नव्हतं.

आता मी पुन्हा माझ्या जुन्या भिंतीवर आहे, आणि मास्तरांचीही बदली इथेच झालीय. मॅडमनी त्यांना वाट विचारणाऱ्यांसाठी बसवलंय, माझ्या शेजारी, स्टुलावर. येणाऱ्या प्रत्येक नवख्याला ते उठून स्टेशनं मोजून देतात. मला दया येत नाही.

पण त्या बाईची परीक्षा गेली ती गेलीच. ती तुम्हाला कुठे भेटली तर एवढं सांगा, तिला नकाशा वाचता येतो. आणि जमलं तर तिला इथे घेऊन या. मास्तर उभे राहून तिला मोठ्याने मोजून दाखवतील, तिला जायचं असेल तिथवर. तोवर मी काही त्यांना सोडत नाही.