शामसुंदराची तिथी

कुंभकोणच्या तांबटांच्या गल्लीत सकाळी हातोडे पडू लागले, की मीनाक्षीबाईंच्या घरात रोज तोच प्रकार होई. त्यांचा थोरला मुलगा एकोजी पानावरून उठे आणि पलंगाखाली शिरून दोन्ही कान दाबून बसे. छत्तीस वर्षांचा, इंग्रजी शिकलेला माणूस! बायको वत्सला खाली वाकून म्हणे, "अहो, भांडी ठोकतात ती. बाहेर या." पण अर्धी घटका तरी त्याला काही ऐकू येत नसे.

एकोजी रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कारकून होता. धाकट्या भावालाही, शामसुंदरालाही, त्याने तिथेच चिकटवलं होतं. जपानी विमानांनी रंगूनवर बाँब टाकले, तेव्हा हजारो लोकांबरोबर हे दोघे भाऊ डोंगरजंगलांतून पायी हिंदुस्थानाकडे निघाले. घरी पोचला तो एकटा एकोजी. "इंफाळच्या छावणीत शामसुंदर तापाने गेला. मी उशाशी होतो. वैशाख शुद्ध दशमी होती," एवढंच त्याने आईला सांगितलं. त्यानंतर तो गप्प झाला.

घरच्यांनीही विचारलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, झालं गेलं विसरावं. कुणी रंगूनचं नाव काढलं, तर मीनाक्षीबाई डोळ्यांनी दटावत. आपण त्याच्यावर मायाच करतो आहोत, असं त्यांना वाटे.

वर्ष होत आलं. चैत्रात मीनाक्षीबाईंनी वर्षश्राद्धाची गोष्ट काढली. शंकरनारायण भटजी ओसरीवर बसून सामानाची यादी सांगू लागले. "दशमीला सकाळी..." एवढं ते म्हणतात तोच एकोजी उठला आणि अनवाणी रस्त्यावर धावत सुटला. दुपारी तो तिरुनागेश्वरम्‌च्या वाटेवर एका शेताच्या बांधावर सापडला. पायांतून रक्त येत होतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं.

मग गल्लीत बोलणं सुरू झालं. भावाचा आत्मा याला लागला आहे. एका मंत्रवाद्याचं नाव निघालं. तो चाळीस दिवस खांबाला बांधून ठेवी आणि वेताने भूत काढी. मीनाक्षीबाईंनी रडत रडत शुक्रवार ठरवला.

वत्सला घाबरली. ती तिरुविडैमरुदूरला आपल्या मामांकडे, अप्पारावांकडे, गेली. अप्पाराव आधीच्या महायुद्धात बसऱ्याच्या फौजी इस्पितळात मलमपट्टीचं काम करत. आता साठी उलटली होती. भाचीचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "वाटेत काय जाहलं, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत?"

"नाही मामा. त्याला त्रास होईल म्हणून..."

"त्रास त्याला होतोच आहे, वत्सला. तो एकट्याला होतो आहे, इतकंच. बसऱ्याला असे शिपाई येत. अंगावर ओरखडा नाही, पण थाळी पडली तरी थरथरत. आम्ही त्यांना ढोंगी म्हणायचो. आर्काटकडचा एकजण रोज मजजवळ काही सांगायला यायचा. मी म्हटलं, विसर की, मर्द आहेस. मग तो यायचा थांबला. काही दिवसांनी तो नदीत सापडला. त्याला काय सांगायचं होतं, ते मज आजही ठाऊक नाही." त्यांनी डोळे पुसले. "भूत नव्हे, बाळ. मनाला जखम आहे. तिला वेत मारशील का? त्याच्याजवळ बस. ओढून काढू नकोस, पण बोलू लागला तर थांबवूही नकोस. काहीही ऐकावं लागलं, तरी उठून जाऊ नकोस."

वत्सला परत आली. दुसऱ्या दिवशी ती एकोजीजवळ विड्याची पानं पुसत बसली आणि म्हणाली, "शामभाऊजी वाटेत काय बोलायचे?"

एकोजीने तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी तो उठून परसात निघून गेला. पण गुरुवारी दुपारी तो आपणहून तिच्यापाशी येऊन बसला. आत मीनाक्षीबाई तांदूळ निवडत होत्या.

"शाम छावणीत गेला नाही," तो म्हणाला. "छावणीपर्यंत आलाच नाही. डोंगरावर त्याला पटकी झाली. चालवेना. झाडाखाली निजवला. पाणी, पाणी म्हणत होता. मी खाली ओढ्यावर गेलो, डबा भरला. वर चढायचं होतं. पाय वळलेच नाहीत. लोक पुढे चालले होते, त्यांच्या मागे गेलो. तो जिवंत होता, वत्सला. भरलेला डबा माझ्या हातात होता."

वत्सलेच्या हातातली पानं गळून पडली, पण ती उठली नाही. आतला सुपाचा आवाज थांबला होता. मीनाक्षीबाई दारात उभ्या होत्या.

"पाणी मागत होता?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

त्या आत गेल्या. शुक्रवारी मंत्रवाद्याचा माणूस आला, त्याला त्यांनी एका शब्दाने परत पाठवलं. पण चार दिवस त्या एकोजीशी बोलल्या नाहीत, धड जेवल्याही नाहीत. वत्सलेला वाटलं, आपण घर मोडलं.

पाचव्या दिवशी त्या एकोजीसमोर येऊन बसल्या. "तू तेव्हा किती दिवसांचा उपाशी होतास?"

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. "नऊ दिवस," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडू लागला.

मीनाक्षीबाई म्हणाल्या, "वर चढला असतास, तर दोघेही गेले असते. हे मज कळतं. तरी माझ्या शामला पाणी मिळालं नाही, हेही मज विसरवत नाही. दोन्ही मजपाशीच राहतील. पण तू यापुढे एकट्याने वाहू नकोस. खरा दिवस कोणता, तो सांग."

"ईस्टरचा रविवार. जथ्यातले ख्रिस्ती लोक सकाळी प्रार्थना म्हणत होते."

शंकरनारायण भटजींनी जुनं पंचांग काढलं. चैत्र वद्य चतुर्थी निघाली. त्या तिथीला अजून आठ दिवस होते. त्या दिवशी तिलोदक सोडताना एकोजीकडून पाणी ताम्हनाबाहेर सांडलं. मीनाक्षीबाईंनी मागून त्याचा हात आपल्या हातात धरला, आणि दोघांनी मिळून पाणी सोडलं.

एकोजी एकदम बरा झाला असं नाही. हातोडे पडू लागले की तो अजूनही पांढरा पडतो. पण आता तो पलंगाखाली जात नाही. वत्सलेला हाक मारतो, आणि ती हातातलं काम टाकून जवळ येऊन बसते. दर रविवारी तो अप्पारावांकडे जातो. दोघे म्हातारे शिपाई असावेत तसे बोलत बसतात. कधी कधी नुसतेच बसतात.

वाचकहो, आज ब्रह्मदेशातून परतलेली अशी माणसं गावोगाव आहेत. कुणी गप्प आहे, कुणी झोपेत ओरडतं, कुणी आवाजाला भितं. त्यांना वेडं म्हणू नका, खांबाला बांधू नका. आणि मायेपोटी का होईना, 'विसर' असंही म्हणू नका. विसरणं त्यांच्या हाती असतं, तर ते केव्हाच विसरले असते. जे त्यांनी सोसलं, ते ऐकायला फार जड जातं. तरी शेजारी बसा, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत उठू नका.